मांडीवरचं डोकं

मारोती शिंगणे परभणीकडून ठाणे-बेलापूर रस्त्यावर आला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि एक दाखला एवढंच होतं. दाखला हिवतापाच्या फवारणीचा. जिंतूरच्या आरोग्य केंद्रात तो हंगामी फवारणीवाला होता; हंगाम संपला की काम संपायचं. कुणीतरी सांगितलं, मुंबईच्या पलीकडे नवं शहर बसवताहेत, तिकडे माणसं कमी पडतात. म्हणून १९७८च्या दिवाळीनंतर तो निघाला. शहर म्हणावं असं त्याला तिथे काही दिसलं नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मधून एक रस्ता आणि रस्त्याकडेला कारखान्यांच्या चिमण्या. वाशीला चार मजली इमारती उभ्या राहत होत्या, पण त्यांच्या मागे अजून चिखलच होता.

रंगाचा कच्चा माल करणाऱ्या एका कंपनीत त्याला काम मिळालं. तिथल्या साहेबाने दाखल्यावर 'आरोग्य' हा शब्द वाचला आणि त्याला गाडीवर नेमलं. गाडी म्हणजे एक जुनी मेटाडोर. शिफ्टच्या वेळी ती कामगारांना आणायची-सोडायची आणि कुणाला लागलं-सवरलं की बाकडी उचलून तिच्यात स्ट्रेचर टाकायचं. दोन्ही बाजूंना लाल फुली रंगवलेली होती. ड्रायव्हर बंडू पहिल्याच दिवशी म्हणाला, "मारोतराव, गाडी माझी, पेशंट तुमचा, पुढचं देवाचं. टेन्शन नाय घ्यायचं."

मारोती हसला होता. फवारणीच्या पंपाखेरीज आपण आयुष्यात कुठलंही औषध हाताळलेलं नाही, हे त्याने बंडूला सांगितलं नाही. साहेबालाही सांगितलं नव्हतं.

राहायची सोय जयदेवने केली. जयदेव त्याच कंपनीत होता. ऐरोलीच्या खाडीकाठी, मिठागरांना लागून असलेल्या पाड्यात त्याचं घर. घरात आई धोंडूबाई, बायको सगुणा आणि मागे एक रिकामी खोली. धोंडूबाईने मारोतीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुजे गावान खाडी हाय का रं?"

"नाही माय. विहीर हाय."

"मग मासली कशी खातस?"

"खात नाही, माय."

"आय गो!" ती म्हणाली. "जयदेवा, यो तं उपाशी मरल." आणि त्या दिवसापासून ती त्याला सुकट घातलेली आमटी खायला शिकवू लागली. आठ महिन्यांत तो घरातलाच झाला. ती त्याला 'मारत्या' म्हणायची. मिठागरावर जाताना चूल विझू नये म्हणून फुंकणी त्याच्या हातात द्यायची आणि परत आल्यावर धूर पाहून शिव्या द्यायची.

पुढच्या श्रावणात एका दुपारी जयदेव टाकी धुवायला आत उतरला आणि वर आला नाही. दोघांनी त्याला दोर लावून ओढून काढलं तेव्हा त्याच्या घशातून घरघर येत होती. कंपनीचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. तो बुधवार होता. बंडूने गाडी ठाण्याच्या दवाखान्याकडे काढली. स्ट्रेचरशेजारी मारोती एकटा होता.

जयदेवचं डोकं गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्यावर आपटत होतं. मारोती खाली बसला, त्याने ते डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं. दुसरं काय करायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. "आलं, जयदेवा, ठाणं आलं," असं तो सारखा म्हणत राहिला. कळव्याच्या पुलाअलीकडे ट्रकांची रांग लागली होती. बंडू हॉर्न दाबून दाबून रडकुंडीला आला. त्या रांगेतच कधीतरी घरघर थांबली. मारोतीला आधी वाटलं, आराम पडला.

तेराव्याच्या दिवशी धोंडूबाईने सगळ्या भावकीसमोर त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "माजे लेकाला मांडी दिलीन यानी," ती म्हणाली. "सख्खे भावासारखी. माजा पोर उघड्यावर नाय गेला." तिचा दीर चांगदेव, जो मिठागराचं सगळं बघायचा, तोही गहिवरला. मारोती खाली मान घालून बसला. खोली सोडायचा विषय त्याने मनात आणला होता, पण तो बोलायच्या आधीच ती म्हणाली, "तू खय जावचा नाय."

तेव्हापासून त्याच्या मनाला एकच घोर लागला. पुढच्या वेळी गाडीत कुणी असेल, तेव्हा आपल्याला काही तरी आलं पाहिजे.

पण ते शिकायचं कुठे? त्याने कंपनीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तुला काय डॉक्टर व्हायचंय का? स्ट्रेचर सरळ धरायला शीक आधी." बेलापूरला नव्या सरकारी कचेऱ्या उघडत होत्या. रजा टाकून तो तिकडे गेला. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर असं करत करत तिसऱ्या टेबलावरच्या कारकुनाने विचारलं, "ट्रेनिंग ना? तुमची जमीन गेलीय का?"

"नाही साहेब, मी परभणीचा."

"मग कसं? प्रकल्पग्रस्तांना शिवणयंत्राचं आहे, वेल्डिंगचं आहे. तुमचं काय म्हणालात?"

"माणूस बेशुद्ध पडला तर काय करायचं, ते."

कारकुनाने त्याच्याकडे पाहिलं, शेजारच्याकडे पाहिलं. "तसलं आपल्याकडे नाही बुवा. माणूस बेशुद्ध पडला तर आम्ही कांदा लावतो."

ठाण्याच्या दवाखान्यातले वर्ग परिचारिकांसाठी होते आणि इंग्रजीत होते. पण तिथल्या एका वयस्कर सिस्टरने त्याला जिन्यात थांबवून सांगितलं, की वाशीला कर्णिक म्हणून गृहस्थ राहायला आलेत, रेल्वेच्या रुग्णवाहिका पथकात जन्म काढलेले, त्यांना गाठ. पत्ता तिला ठाऊक नव्हता. मग मारोती दर रविवारी एस.टी.ने वाशीला जाऊ लागला. सगळ्या इमारती सारख्या, सगळ्या जिन्यांना एकच पिवळा रंग. त्याने तीन रविवार घरोघरी विचारलं. चौथ्या रविवारी एका बाईने वरच्या मजल्यावरून ओरडून सांगितलं, "ते होय, पट्ट्या बांधायला शिकवणारे? पलीकडचा जिना!"

श्यामसुंदर कर्णिक बुटके, नीटनेटके, हळू बोलणारे. त्यांनी मारोतीला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "वर्ग घेईन," ते म्हणाले, "पण प्रमाणपत्रासाठी मुंबईहून परीक्षक बोलवायचा तर निदान आठ माणसं लागतात. सध्या पाच आहेत. थांबाल का?"

मारोती थांबला. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. गाडी निघाली की तो आधी वार मोजायचा. एकाचं बोट गेलं, एकाच्या अंगावर आम्ल उडालं. दर वेळी नशिबाने डॉक्टरांचा वार होता. बंडू म्हणायचा, "तुमचा पायगुण चांगलाय, मारोतराव." मारोतीला ते ऐकवत नसे.

फेब्रुवारीत आठ जण जमले आणि एका शाळेच्या खोलीत वर्ग सुरू झाला. चार रविवार, मग परीक्षा. पहिल्या रविवारी पट्ट्या झाल्या. दुसऱ्या रविवारी कर्णिक मास्तरांनी एकाला जमिनीवर झोपवलं आणि त्याची हनुवटी वर उचलली.

"हे बघा," ते म्हणाले, "बेशुद्ध माणसाच्या डोक्याखाली काही ठेवायचं नाही. आपल्याकडे माया दाखवायची म्हणून लगेच मांडी देतात. मान पुढे वाकते, जीभ मागे पडते, घसा बंद होतो. मांडी देणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

मारोतीची पेन्सिल वहीवर थांबली. बाकीच्यांनी वाक्य लिहून घेतलं. थोड्या वेळाने त्याने हात वर केला.

"सर, त्याला आधीच गॅस लागला असंल तर?"

"तर गॅसही असेल आणि घसाही. कशाने गेला ते सांगता येत नाही. का हो?"

"काही नाही, सर."

त्या रविवारी तो वाशीहून ऐरोलीपर्यंत चालत आला. घरी धोंडूबाईने जेवायला वाढलं आणि "आज कायला शिकवलान?" असं विचारलं. तो म्हणाला, "पट्ट्या." पट्ट्या मागच्या आठवड्यातल्या होत्या.

तिसऱ्या रविवारी श्वास द्यायचा पाठ होता. तोंडाला तोंड लावून. खोलीत एकदम चुळबूळ सुरू झाली. मारोतीच्या जोडीला नंदकुमार नावाचा बँकेतला गृहस्थ होता. त्याने झोपल्या झोपल्या विचारलं, "मारोतराव, तुम्ही सकाळी काय खाल्लंत?"

"सुकट."

"मेलो! मास्तर, माझा श्वास चालू आहे हो, मला राहू द्या!"

सगळे हसले. कुणाचं उष्टं कुणाच्या तोंडाला लागणार, हे खरं तर कुणालाच पचत नव्हतं. कर्णिक मास्तरांनाही ते ठाऊक असावं. त्यांनी खिशातून घडीचा पांढरा रुमाल काढला, नंदकुमारच्या तोंडावर पसरला आणि म्हणाले, "नुसतं जवळ न्या आणि फुंकल्यासारखं करा. नाक चिमटीत धरायला विसरू नका. शुद्धीवरच्या माणसावर खरं करतही नाहीत. वेळ आली की जमतं."

मारोती वाकला आणि रुमालापासून वीतभर अंतरावर त्याने फुंकल्यासारखं केलं. रुमाल हललासुद्धा नाही. मास्तरांनी "छान" म्हटलं आणि पुढच्या जोडीकडे गेले.

वेळ आली की जमतं. एस.टी.त तो हेच मनाशी घोळत होता. जयदेवच्या वेळी कुठे जमलं?

त्याने रबरी गरम पाण्याची पिशवी विकत आणली आणि खोलीचं दार लावून तिच्यात फुंकायचा सराव सुरू केला. एकदा सगुणाने फटीतून पाहिलं आणि सासूला सांगितलं. कितीतरी महिन्यांनी ती तोंडावर पदर धरून हसली होती. धोंडूबाई दारात येऊन म्हणाली, "मारत्या, गाईएवढा फुगतस का काय रं? बेडकीची गोष्ट ठाव हाय ना?"

"कंपनीचं काम हाय, माय," तो म्हणाला.

शिमग्याला पंधरा दिवस उरले होते. मिठागरावर राशी लागल्या होत्या, पांढऱ्या, घराएवढ्या. पहिली शिफ्ट करून मारोती दुपारी नाक्यावर गाडीतून उतरला. बंडू चहाला थांबला. मारोती बांधावरून पाड्याकडे निघाला तोच पुढून ओरडा ऐकू आला.

भरतीचं पाणी आत घ्यायला बांधाला एक उघाडी होती, वर-खाली होणारी लाकडी फळी, आणि तिच्यावरून पलीकडे जायला एकच अरुंद साकव. उधाणाची भरती होती. साकवावरून जाताना सगुणा डोक्यावरच्या टोपलीसकट घसरून पाण्यात पडली होती. पाण्याने तिला फळीवर दाबून धरलं होतं. दोघांनी उडी मारून बाहेर काढेपर्यंत बराच वेळ गेला होता. किती, ते कुणाला सांगता येईना.

मारोती धावत पोचला तेव्हा ती राशीच्या पायथ्याशी होती. धोंडूबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि भोवतीच्या बाया टोपल्या भरभरून तिच्या अंगावर मीठ ओतत होत्या. पाय झाकले होते, पोट झाकलं होतं. बुडालेली माशी मिठात ठेवली की उडते, तसं बुडालेलं माणूस मिठात पुरलं की मीठ पाणी ओढून घेतं, असं तिथल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं. चांगदेव उभा राहून सांगत होता, "छातीवर! छातीवर आना! गल्यापरयत!"

"मीठ काढा!" मारोती ओरडला. कुणी ऐकलं नाही. तो गुडघ्यांवर पडला आणि हातांनी मीठ उकरू लागला. सगुणाचा चेहरा निळसर पडला होता, हनुवटी गळ्याला टेकली होती. त्याने गाल तिच्या नाकाशी नेला. काही नाही. गळ्याच्या बाजूला बोटं लावली. बोटांखाली अगदी बारीक काहीतरी उडत होतं. की ती त्याची स्वतःचीच नाडी होती?

"माय, मांडी काढ!"

"कायला? पोरीला भुईवर टाकू?"

"मांडी काढ म्हणतो! मान मोडती, घसा बंद होतो, मांडीवरच जीव जातो तिचा! काढ!"

इतक्या मोठ्याने तो त्या घरात कधी बोलला नव्हता. धोंडूबाईने मांडी काढली. त्याने सगुणाचं डोकं जमिनीवर ठेवलं, हनुवटी उचलली, बोटाने तोंडातला चिखल आणि मीठ काढलं. आणि वाकला.

मागून कुणीतरी त्याची कॉलर धरून त्याला उभा केला. चांगदेव होता.

"तोंडाला तोंड लावतस? आमचे सुनेचे? गावादेखत?"

"काका, श्वास द्यावा लागतो. चार मिनिटं असतात. त्यातली किती गेली..."

"ती रांडाव बाई हाय. हात लावलास तं खाडीन घालीन तुला."

मागे चार-पाच माणसं सरकून उभी राहिली. कॉलर ओढून धरल्यामुळे मारोतीचाच श्वास कोंडला होता. आणि एक गोष्ट त्याने पुढे कितीतरी वर्षांनी बंडूला सांगितली. त्या क्षणी आपण मागे ओढले गेलो याचं त्याला थोडं बरंच वाटलं होतं. कारण वाकल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे तो न हललेला रुमाल आला होता. आपल्याला येत नाही, हे आता सगळ्या गावाला दिसणार होतं.

मग त्याला धोंडूबाई दिसली. ती हात लोंबते सोडून बसली होती, जयदेवला घरी आणला त्या दिवशी बसली होती तशी.

"माय," तो म्हणाला, "तू फुंक."

"काय?"

"तू बाई हाईस, तिची सासू हाईस. तुला कोण अडवतंय? नाक दाब तिचं. दाब. आता तिच्या तोंडावर तोंड ठेव, फट नको राहू देऊ. चूल फुंकतीस तशी फुंक. पण जोर नको. निखारा फुलवायचाय, राख नाही उडवायची."

चांगदेव काही बोलायच्या आत धोंडूबाई वाकली होती. पहिली फुंक गालातून फुर्र करून बाहेर आली.

"नाक सुटलं! पुन्हा."

दुसरी गेली. मारोती गळा आवळलेला तसाच उभा राहून सगुणाच्या छातीकडे बघत होता. ओलं लुगडं आणि त्यावर मीठ. काही हललं नाही.

"हनुवटी वर कर, माय. अजून वर. तिला आभाळ बघू दे. आता."

तिसऱ्या फुंकेला छाती वर आली. मिठाचे खडे तिच्यावरून घरंगळून खाली पडले. ते सगळ्यांनी पाहिलं. कॉलरवरची मूठ सैल झाली.

"सोड तोंड. खाली जाऊ दे. आता पुन्हा. मी मोजतो."

तो मोजत राहिला. बाया टोपल्या धरून उभ्या होत्या. धोंडूबाई फुंकत होती, तोंड उचलत होती, फुंकत होती. तिच्या कपाळावरून घाम सगुणाच्या गालांवर पडत होता. वीस झाले, तीस झाले. "माय, थकलीस का?" त्याने विचारलं. तिने मान हलवली आणि पुन्हा वाकली. मिठागरावर चाळीस वर्षं काढलेली छाती होती ती. पन्नासाच्या पुढे कधीतरी सगुणाचं पोट आतून ओढल्यासारखं झालं आणि तिला उचकी लागली.

"कुशीवर! कुशीवर वळवा!" आता मारोतीला कुणी धरून ठेवलेलं नव्हतं. त्याने स्वतः तिला वळवलं. तोंडातून पाणी आलं, पुन्हा पाणी आलं आणि मग एक घोगरा, रागावल्यासारखा आवाज.

"नाक्यावर बंडू असंल," मारोती म्हणाला. "पळा. गाडी आणा."

ठाण्याला जाताना मागे धोंडूबाई होती, चांगदेवही होता. सगुणा कुशीवर होती आणि तिचं डोकं कुणीही मांडीवर घेतलं नाही. पुलाअलीकडे गाडी अडकली तेव्हा मारोती तिच्या नाकाशी हात धरून बसला. श्वास येत होता. रांग सुटेपर्यंत त्याने हात काढला नाही. त्याने वर पाहिलं तेव्हा धोंडूबाई त्याच्याकडेच बघत होती.

सगुणा तीन दिवस दवाखान्यात राहिली. ती घरी आली त्या संध्याकाळी पाड्यातल्या बाया येऊन बघून गेल्या. चांगदेव नारळ घेऊन आला, मारोतीच्या हातात देऊन गेला. सगळे गेल्यावर धोंडूबाई चुलीपुढे बसली. फुंकणी तिच्या हातात होती, पण ती फुंकत नव्हती.

"मारत्या, हिकरं बस."

तो बसला.

"त्या दिशी तू बोललास. मांडीवर जीव जातो."

त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"जयदेवला मांडीवर घेतलावतास."

"हाव, माय."

"तुला ठाव होता?"

"नाही. तवा नव्हतं ठाऊक. आता वर्गात सांगितलं, दुसऱ्या रविवारी."

"मांडी नसती दिलीस तं जगला असता?"

खोटं बोलायला जागा होती. गॅस होता, डॉक्टर नव्हते, पुलावर ट्रक होते. त्यातलं एक पुढे केलं असतं तर ती मान हलवून उठली असती आणि त्याला जेवायला वाढलं असतं. त्याला ते कळत होतं.

"ठाऊक नाही, माय," तो म्हणाला. "मास्तरांना इचारलं, ते बी म्हणले सांगता येत नाही. जगला असता बी. त्याचा घसा वाजत होता. मी तो बंद केला का गॅसनं झाला, ते मला माहीत नाही. मला काहीच येत नव्हतं. साहेबाला सांगितलं नव्हतं, तुला बी सांगितलं नाही."

चूल विझत आली होती. धोंडूबाईने फुंकणी भिंतीशी ठेवली, उठली आणि आत गेली. त्या रात्री त्या घरात कुणी जेवलं नाही.

पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि निघून जायची. सगुणा मधल्या दारात उभी राहून एकदा सासूकडे, एकदा त्याच्याकडे बघायची. शनिवारी मारोतीने पेटी भरली. कोपरखैरण्याला एक खोली असल्याचं बंडू म्हणाला होता. रविवारी चौथा वर्ग होता. वर्ग करून परस्पर तिकडे जायचं आणि पेटी नंतर न्यायची, असं त्याने ठरवलं.

सकाळी तो बाहेर पडला आणि नाक्यावर येऊन एस.टी.ची वाट बघत उभा राहिला. थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. धोंडूबाई होती. नवं लुगडं, केसांचा घट्ट अंबाडा, जत्रेला निघाल्यासारखी.

"माय, कुठं?"

"तुजे शालंन," ती म्हणाली. एवढंच. वाशीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली.

त्या दिवशी उजळणी होती. पुढच्या आठवड्यात परीक्षक येणार होते. दारात बाई पाहून कर्णिक मास्तर उठून उभे राहिले. मारोतीने कसंबसं सांगितलं की ही आमची घरमालकीण. पाण्यात काय झालं ते तो सांगणार नव्हता, पण बंडूने नाक्यानाक्यावर सांगून ते वाशीपर्यंत पोचवलं होतं. मास्तरांनी हात जोडले. "आजी, या, बसा. तुमच्याबद्दल ऐकलंय."

ती मागच्या बाकावर पाय वर घेऊन बसली. पट्ट्या झाल्या, मोडक्या हाताची झोळी झाली. मग श्वासाचा पाठ आला. नंदकुमार जमिनीवर आडवा झाला, मास्तरांनी रुमाल पसरला, मारोती गुडघ्यांवर बसला आणि वीतभर वरून त्याने फुंकल्यासारखं केलं.

"ह्या काय?" मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. धोंडूबाई उठून पुढे येत होती.

"असा शिकवलान तुला? वारा घालाला?"

"आजी, हा सराव असतो," मास्तर म्हणाले. "खरं करायचं नसतं, कारण..."

"मास्तर, मी वारा घातला असता तं माजी सून मेली असती." तिने वाकून रुमाल उचलला, घडी केली आणि मास्तरांच्या हातात दिली. मग नंदकुमारला म्हणाली, "ऊठ रं बाबा. जागा दे."

नंदकुमार टुणकन उठला. धोंडूबाई लुगडं सावरत त्याच्या जागी जमिनीवर आडवी झाली. डोक्याखाली काही नाही. अंबाडा सुटला, पांढरे केस फरशीवर पसरले.

"मारत्या, ये."

"माय, तुझा श्वास चालू हाय. चालू असताना देत नसतात."

"मी धरून ठेवतंय. खाडीन किती बुड्या मारल्याव मी, तुला काय ठाव? ये. मला बगायचाय तुला येतंय का."

तो मास्तरांकडे बघत राहिला. मास्तर रुमालाकडे बघत होते. त्यांनी रुमाल खिशात घातला आणि हळूच म्हणाले, "एकदाच. हलक्या हाताने."

मारोती गुडघ्यांवर बसला. धोंडूबाईने डोळे मिटले आणि तिची छाती थांबली. त्याने हनुवटी वर केली. नाक चिमटीत धरलं. तोंडावर तोंड ठेवलं. मिश्रीचा वास आला आणि ओठांवर मीठ लागलं. तिच्या ओठांवर ते कायमच असायचं. कुठे फट राहिली नाही ना, हे त्याने पाहिलं आणि निखारा फुलवायला फुंकावं तसं हलकेच फुंकलं.

छाती वर आली.

त्याने तोंड उचललं. छाती खाली गेली. खोलीत कुणी चुळबूळ केली नाही, कुणी हसलं नाही.

धोंडूबाई उठून बसली. पदराने तोंड पुसलं, मग त्याच पदराने त्याचंही पुसलं, जरा जोरानेच.

"आता येतंय," ती म्हणाली. नंदकुमारकडे वळून तिने जमिनीवर थाप मारली. "चल, तू निज. याला अजून दोन येला करू दे. आनि मारत्या, सांजचे लवकर ये. ती पेटी रिकामी कर, तिच्यान मला सुकट भरायची हाय."